करडईचं धुकं

तेलांची यादी दर गुरुवारी सकाळी साडेनऊला यायची. त्या गुरुवारी करडई अकराव्या नंबरवर गेली, आणि यादीत तेलं एकूण अकराच होती.

महानंदा कोनापुरेला हे कळलं ते साडेअकराला, पहिली पंगत बसायच्या आधी. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला टॉवेलच्या कारखान्यांची जी रांग लागते, तिच्या टोकाला तिची खानावळ होती. बावीस वर्षं ती तिथं ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी भाजी, आमटी, भात आणि शेंगाचटणी वाढत आली होती. दुपारी साठ-सत्तर माणसं जेवत. त्यात कारखान्यातले कारागीर असत, मालकही असत. अशाच एका कारखान्याचे मालक दत्तात्रय वल्याळ हात धुऊन येता येता थांबले आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "ताई, तुमच्याकडं करडईच असतं ना?"

"करडईच की. माझ्या भावाच्या घाण्याचं. का?"

वल्याळांनी मनगट पुढं केलं. नाडीच्या जागी चिकटवलेली, बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी त्यांच्या कातडीवर ओळखूही येत नव्हती. "ही काय म्हणते बघा. सगळ्यात जास्त धुकं करडईचं."

ही पट्टी येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपण खाल्लेलं तेल-तूप रक्तात विरघळत नाही. आतडी त्याचे अगदी बारीक थेंब करून ते रक्तात सोडतात. त्यामुळे जेवणानंतर चार-पाच तास रक्तातला पाण्यासारखा भाग तांदळाच्या धुवणासारखा गढूळ होतो आणि मग हळूहळू निवळतो. कुणाचं रक्त लवकर निवळतं, कुणाचं संध्याकाळपर्यंत गढूळच राहतं, आणि ज्यांचं असं वर्षानुवर्षं राहतं त्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांना ते सोसत नाही. पूर्वी हे कळायला सुई टोचून रक्त काढावं लागे. पट्टी कातडीतून दोन रंगांचा उजेड आत सोडायची आणि त्यातला किती विखरून परत येतो ते मोजायची. धुक्यात गाडीचा दिवा लावला की उजेड कसा फाकतो, तसंच ते होतं. आकडा शून्य ते शंभर. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण लोकांनी त्याचं 'धुकं' करून टाकलं. जेवल्यावर सुपारी कातरत माणसं एकमेकांना विचारू लागली, "आज तुझं धुकं किती?"

महानंदाचा या पट्टीवर राग नव्हता. उलट होता तो विश्वासच. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं, शिवानंदचं, धुकं रोज सत्तरच्या वर राहायला लागलं, म्हणून पट्टीनंच त्याला डॉक्टरांकडं पाठवलं होतं. तपासणीत दोन वाहिन्या जवळपास बंद झालेल्या सापडल्या. छातीत साधी कळही आली नव्हती तोवर. शस्त्रक्रिया झाली, आणि शिवानंद पुन्हा सकाळी मंडईतून भाजी आणायला लागला. ज्या वस्तूनं घरातला माणूस राखला, तिचं म्हणणं खोटं कसं मानायचं?

यादी मात्र नवीन होती. कंपनीकडं आता लाखो लोकांचे आकडे जमले होते. कोण कुठल्या तेलात स्वयंपाक करतो ते ॲपमध्ये लिहिलेलं असेच. दोन्हींची सांगड घालून कंपनीनं दर आठवड्याला तेलांचे नंबर लावायला सुरुवात केली होती. तांदळाच्या कोंड्याचं तेल सतत पहिलं येत होतं. करडई आधीपासून खालीच होती. आता ती तळाला गेली.

दुपारी दोन वाजेपर्यंत अकरा जणांनी तिला तोच प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी आठ माणसं जेवायला आली नाहीत.

*

मल्लिनाथ, तिचा धाकटा भाऊ, मंगळवेढ्याला घाणा चालवायचा. वडिलांच्या वेळी लाकडी घाणा बैल ओढायचे, आता छपरावरच्या सौरपाट्या ओढत होत्या, पण लाकूड तेच होतं आणि करडईही त्याच काळ्या जमिनीतली. पंधरवड्यातून एकदा तो आपल्या छोट्या टेम्पोतून डबे घेऊन यायचा, बहिणीच्या हातचं जेवायचा आणि परत जायचा. त्या वेळी तो आला तेव्हा टेम्पोत सहा डबे होते. दोन उतरवून त्यानं कोठीत नेऊन ठेवले होते. तिसऱ्याला हात घातला तेव्हा महानंदा बाहेर आली.

"मल्लू, राहू दे."

तो थांबला. त्यानंही यादी पाहिलेली होती. मंगळवेढ्यात कुणी पाहिली नव्हती असं नाही.

"सगळे विचारतात," ती म्हणाली. "आणि घरात ह्यांचं असं झालेलं. मी कुठल्या तोंडानं वापरू?"

"बाबांच्या वेळी डॉक्टरच सांगायचे, हृदयाला करडई चांगली म्हणून. चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पुण्याहून माणसं यायची घाण्यावर. आता पट्टी सांगते नको म्हणून." त्यानं डबा परत टेम्पोत ठेवला. "तेल तेच आहे, अक्का."

"तेल तेच असेल रे. पण आता मोजता येतंय."

जेवून जा म्हणाली, तर पोट भरलंय म्हणाला. सकाळी सहाला निघालेल्या माणसाचं पोट कशानं भरणार, हे तिला कळत होतं. कोठीतले दोन डबेही परत न्यायचं त्याला सुचलं नाही, आणि तिलाही नाही. टेम्पो वळून गेला. त्यानंतर मल्लिनाथचा फोन आला नाही. तिनं केला की तो दोन वाक्यं बोलून वहिनीकडं द्यायचा.

खानावळ मात्र सावरली. तिनं दारावर पाटी लावली, 'येथे तांदूळ-कोंडा तेल वापरले जाते', आणि गेलेली माणसं परत आली. वल्याळ तर चार नवी गिऱ्हाइकं घेऊन आले. जेवल्यावर ते मनगट बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. "बावन्नचं बेचाळीस झालं, ताई."

*

तीन महिन्यांनी वेगळीच अडचण उभी राहिली. सगळ्या राज्याला एकच तेल हवं झाल्यावर ते पुरणार कसं? तांदूळ पिकतो तेवढाच कोंडा निघतो. यादी वाचून भात वाढत नाही. आधी भाव चढले, मग दुकानांतून डबे दिसेनासे झाले. एका सोमवारी महानंदाच्या दुकानदारानं सांगितलं की आठवडाभर तरी माल नाही. तिच्याकडं जेमतेम दोन लिटर उरलं होतं, आणि दुपारी सत्तर माणसं जेवायला येणार होती.

कोठीत मल्लिनाथचे दोन डबे होते. तिनं एकाचं झाकण उघडून वास घेतला. तेल खवट झालं नव्हतं. कोरड्या मातीवर पाणी शिंपडल्यासारखा तो ओळखीचा वास आला. तिनं तो डबा चुलीपाशी आणला. दारावरची पाटी काढावी असं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिनं ती काढली नाही. चार दिवसांचा तर प्रश्न, असं तिनं स्वतःला सांगितलं.

चार दिवसांचे नऊ दिवस झाले. त्या नऊ दिवसांत रोज ती स्वयंपाकघराच्या दारातून माणसांच्या मनगटांकडं बघत होती. कुणी तक्रार केली नाही; वल्याळांचा आकडा चढला, तर ते अपुऱ्या झोपेवर ढकलायचे. नवव्या दिवशी वल्याळांनी आणलेल्या नव्या गिऱ्हाइकांपैकी एकजण म्हणाला, "आज पंचेचाळीस. कोंड्याच्या तेलाला तोड नाही." महानंदानं मान खाली घातली आणि भाकरी थापायला घेतली.

त्याच दिवशी पंगती आटोपल्यावर शिवानंद जेवायला बसला. तिनं त्याला वाढलं, आणि तो ताटाकडं बघत राहिला.

"आठ दिवस झाले, मला छोट्या कढईतली भाजी वाढतेस," तो म्हणाला. "मोठ्या पातेल्यात उरलेली दिसते की."

"तुमच्यासाठी तेल कमी घालते."

"रंग तोच आहे, तवंगही तेवढाच आहे." शिवानंद फार बोलणारा माणूस नव्हता. पण आयुष्यभर मंडईत माल पारखलेला होता. "मोठ्या पातेल्यात काय आहे?"

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाला, "म्हणजे जे मला द्यायला तुला भीती वाटली, ते तू त्यांना दिलंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसरी पंगत भरलेली असताना, महानंदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि पंगतीच्या मधोमध उभी राहिली. काय बोलायचं ते सकाळपासून ठरवलेलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काही आठवलं नाही.

"गेले दहा दिवस तुम्ही करडईच्या तेलातलं जेवताय," ती म्हणाली. "कोंड्याचं मिळालं नाही. मी पाटी काढली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. चुकलं माझं."

मग कुजबुज सुरू झाली. वल्याळांनी हातातला घास ताटात ठेवला. "ताई, मी तुमच्या शब्दावर माझी माणसं इथं आणली," ते म्हणाले. "तेलाचं सोडा, सांगायला तर हवं होतं." ते उठले, हात धुतले, ताटाखाली पैसे ठेवले आणि गेले. त्यांच्यामागून वीसेक माणसं गेली. काही ताटं अर्धी राहिली. बावीस वर्षांत महानंदानं अशी ताटं उचलली नव्हती.

कोपऱ्यात निंबर्गी सर जेवत होते. मुकुंद निंबर्गी सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, रोज पावणेएकला येऊन त्याच खुर्चीवर बसणारे गृहस्थ. त्यांनी भात संपवला, ताक प्यायलं आणि तिला बोलावलं.

"नक्की कोणत्या तारखेपासून?"

"मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून, सर. तुम्ही पण रागावा. मी ऐकून घेईन."

"रागवायचं ते नंतर बघू." त्यांनी मनगटावरची पट्टी दाबून मोबाईलवर आपले महिन्याभराचे आकडे काढले. मग शेजारच्या दोघांचे मागितले. मग मागच्या बाकावरच्या तिघांचे. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ ते आकडे बघत राहिले. "महानंदाबाई, यात सोमवार कुठला ते दिसतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तेल बदललं, आणि आमच्या रक्ताला ते कळलं नाही."

तिला बसायला सांगून त्यांनी सावकाश समजावलं. यादीतला आकडा खोटा नव्हता. करडई खाणाऱ्या लोकांचं धुकं खरोखरच जास्त होतं. प्रश्न एवढाच होता, की ते करडईमुळे होतं की आणखी कशामुळे. "तीस-चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर करडई खा म्हणून सांगायचे. कुणाला सांगायचे? ज्यांना हृदयाचा त्रास होता, किंवा ज्यांच्या घरात तो होता, त्यांना. बाकीचे लोक पुढं स्वस्त तेलांकडं गेले. करडई कुणी सोडली नाही? ज्यांना भीती होती त्यांनी. म्हणजे आज करडई खाणाऱ्यांत मुळातच ज्यांचं रक्त गढूळ राहतं अशी माणसं जास्त. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून दवाखान्यामुळं लोक आजारी पडतात असं आपण म्हणतो का?"

महानंदाला मल्लिनाथचे शब्द आठवले. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पुण्याहून माणसं यायची.

"आधीच्या सल्ल्यानं गिऱ्हाईक बदललं," सर म्हणाले, "आणि त्या बदललेल्या गिऱ्हाइकावरून आता नवा सल्ला निघाला. पण हा माझा अंदाज झाला. तुमच्या दहा दिवसांनीही काही सिद्ध होत नाही, कारण ते तुम्ही लपवून केलंत. आता तेच सांगून, विचारून, नीट करायला पाहिजे."

*

दोन दिवसांनी महानंदा एसटीनं मंगळवेढ्याला गेली. घाणा चालू होता. पण भिंतीशी निळी पिंपं उभी होती, आणि खाण्याच्या तेलाचे चकचकीत डबे एका बाजूला रिकामे रचून ठेवलेले होते.

"हे काय?" तिनं विचारलं.

"रंगाच्या कारखान्याला जातं," मल्लिनाथ म्हणाला. "करडईचं तेल हवेवर वाळतं ना, रंगात चांगलं चालतं. दारं-खिडक्या रंगवतात त्यानं." तो साधं बोलत होता, पण बोलताना तिच्याकडं बघत नव्हता.

ती लाकडी बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. डबे, नऊ दिवस, छोटी कढई, पंगतीतून उठून गेलेली माणसं. त्यानं घाणा बंद केला. त्या शांततेत ती म्हणाली, "तुझ्या तेलाला नाही म्हणताना मला तुझ्याशी नीट बोलता आलं असतं. मी नुसती पाटी वाचल्यासारखी बोलले."

मल्लिनाथनं पेंडीचा तुकडा उचलून चुरला. "मला राग तेलाचा नव्हता आला, अक्का. तू म्हणालीस, आता मोजता येतंय. मला वाटलं, म्हणजे इतके दिवस आपण काय आंधळेपणानं विकत होतो का? बाबा पण?" पेंडीची भुकटी खाली झटकत तो म्हणाला, "मग वाटलं, असूही शकेल. कुणी मोजलं होतं?"

"आता मोजणार आहोत. चार आठवड्यांचं तेल पाहिजे."

"नेतेस तर ने. पण माझ्या विरुद्ध निघालं तरी मला सांगायचं. गोड करून नाही."

*

निंबर्गी सरांनी नियम केले. ज्यांची तयारी आहे त्यांचीच नावं घ्यायची. रोज सकाळी सर चिठ्ठी उचलणार आणि त्या दिवशीचं तेल ठरणार, करडई किंवा कोंडा. पदार्थ तेच, तेल मापानं तेवढंच, आणि मसाला भरपूर, म्हणजे वास ओळखू येऊ नये. जेवणाऱ्यांना तेल कळणार नाही. प्रत्येकानं तीन तासांनंतरचा आकडा सरांना पाठवायचा. आणि महानंदानं पंगतीत यायचं नाही, कारण तिच्या चेहऱ्यावरून लोक तेल ओळखतील.

हा शेवटचा नियम तिला सगळ्यात जड गेला. बावीस वर्षं ती खाणाऱ्याचा चेहरा बघून मीठ-तिखट ठरवत आली होती. आता अंबिका, तिच्या मदतीची बाई, वाढायची, आणि महानंदा आत बसून नुसते आवाज ऐकायची. चमचा थाळीला लागल्याचा आवाज, भुरका, "भाकरी आणा" अशी हाक. आठवड्याभरात तिला आवाजावरून कळायला लागलं की आमटी जमली की नाही.

तेवीस नावांनी सुरुवात झाली. शिवानंदनं आपलं नाव स्वतः दिलं. ती नको म्हणत होती. "डॉक्टरांना विचारून आलोय," तो म्हणाला. "ह्या वेळी मला मोठ्या पातेल्यातलंच वाढायचं."

नवव्या दिवशी वल्याळ आले. पंगतीत बसण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "जवळ दुसरी चांगली खानावळ असती तर आलो नसतो," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "माझं पण नाव लिहून घ्या. कारखान्यातले सात जण आहेत, त्यांचीही."

अठ्ठावीस दिवसांनी, एका रविवारी खानावळ बंद असताना, निंबर्गी सरांनी चार पानं टेबलावर पसरली. मल्लिनाथही आला होता. शिवानंदनं सगळ्यांसाठी चहा केला.

एकतीस माणसांची सरासरी घेतली तर दोन तेलांत फरक होता तो दोन आकड्यांचा, आणि तोही एखाद्या आठवड्यात इकडं तर एखाद्या आठवड्यात तिकडं झुकलेला. सर म्हणाले, याला फरक म्हणत नाहीत. पण माणसामाणसांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर होतं. तेच ताट जेवून एकाचं धुकं अठ्ठावीस, दुसऱ्याचं एकाहत्तर. शेंगाचटणी दुसऱ्यांदा घेणाऱ्यांचं अकरानं वाढलेलं. जेवून कारखान्यापर्यंत चालत जाणाऱ्यांचं रिक्षानं जाणाऱ्यांपेक्षा सहा-सातनं कमी. शिवानंदला तेलानं काही फरक पडत नव्हता. त्याला फरक पडत होता तो भाताच्या वेळी घेतलेल्या जास्तीच्या तुपानं. हे ऐकताच त्यानं नजर चहाच्या कपात बुडवली.

"आणि तिघं असे आहेत ज्यांना करडई खरंच सोसत नाही," सर म्हणाले. "चौघं असे, ज्यांना कोंड्याचं सोसत नाही. माणसं इतकी थोडी आहेत की तेवढा फरक योगायोगानंही पडू शकेल. पण वल्याळांचा आकडा करडईच्या प्रत्येक दिवशी दहानं वर आहे. प्रत्येक दिवशी."

मल्लिनाथनं कागद आपल्याकडं ओढून वल्याळांची ओळ दोनदा वाचली. "म्हणजे त्यांना माझं तेल नको," तो म्हणाला. "बरोबर आहे. त्यांना देऊ नकोस, अक्का."

*

निंबर्गी सरांनी ती चार पानं कंपनीला पाठवली. उत्तर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तीन आठवड्यांनी पुण्याहून ऋजुता पाठारे नावाची बाई आली. यादीचं गणित बसवणाऱ्या गटात ती होती. तिनं आधी जेवून घेतलं, मग सरांसमोर बसली.

"एका खानावळीतल्या एकतीस माणसांवरून आम्हाला काही बदलता येत नाही," ती म्हणाली. "पण तुमचं पत्र वाचल्यावर आम्ही आमच्या आकड्यांतून आधीपासून आजारी असलेली माणसं वेगळी काढून पाहिली. करडई चौथी आली. मग वयाप्रमाणं वेगळं काढलं, तर सातवी. मग जेवणाच्या वेळेप्रमाणं काढलं, तर दुसरी." ती जराशी हसली. "जी यादी इतक्या सहज उलटीपालटी होते, ती लोकांच्या हातात द्यायची नसते. आम्ही दिली. लोक दर आठवड्याला वाट बघायचे, म्हणून देत राहिलो."

पुढच्या महिन्यात यादी बंद झाली. त्याऐवजी ॲप आता सांगू लागलं: दहा दिवस एक तेल वापरा, दहा दिवस दुसरं, बाकी काही बदलू नका, आणि स्वतःचा आकडा स्वतः बघा.

पण हे इतक्या शांतपणे लोकांपर्यंत पोचलं नाही. बातम्यांत आलं, 'करडई निर्दोष'. दोन दिवसांत त्याचं झालं, 'करडईनं धुकं जातं'. आणि शनिवारी सकाळी मल्लिनाथचा फोन आला. "अक्का, घाण्यापुढं दीडशे माणसं उभी आहेत. बार्शीहून, पंढरपूरहून. पाच-पाच लिटर मागतात. एकजण विचारतो, सकाळी उपाशीपोटी दोन चमचे प्यायचं का. काय सांगू?"

महानंदा आणि शिवानंद दुपारपर्यंत पोचले. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मल्लिनाथच्या दारात आयुष्यात आलं नव्हतं इतकं गिऱ्हाईक होतं, आणि तो घामाघूम होऊन, एखाद्याच्या घरी चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा उभा होता. महानंदानं पदर खोचला आणि रांगेच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली.

पहिली बाई बार्शीची होती. हातात रिकामा पाच लिटरचा कॅन. "ह्या तेलानं आमच्या मिस्टरांचं धुकं जाईल ना?"

"जाईल असं मी सांगणार नाही," महानंदा म्हणाली. "कुणाचं उतरतं, कुणाचं वाढतं, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. दहा दिवस हे वापरा, दहा दिवस घरातलं. अर्धा लिटर पुरेल तुम्हाला."

"एवढ्या लांबून आले हो मी."

"म्हणूनच सांगते."

बाईनं थोडा विचार केला आणि कॅन पिशवीत घातला. अर्ध्या लिटरची बाटली घेतली. हेच महानंदा पुढच्यालाही सांगत राहिली, त्याच्या पुढच्यालाही. काही जण वैतागून निघून गेले. दोन-तीन तासांत रांग सरली, आणि तीन आठवड्यांना पुरेल एवढी करडई घाण्याच्या मागं तशीच राहिली.

मल्लिनाथ पायरीवर बसला. "तू घाणा चालवायला आलीस की बंद करायला?" तो म्हणाला, आणि हसायला लागला. वहिनीनं गरम भाकरी आणल्या, ताज्या तेलातली चटणी आणली. शिवानंदनं चटणी एकदाच घेतली. चौघं तिथंच, पेंडीच्या वासात, जेवायला बसले. सहा-सात महिन्यांत मल्लिनाथ बहिणीबरोबर पहिल्यांदा जेवत होता, आणि सकाळपासूनचा उपाशी असल्यासारखा जेवत होता.

त्यानंतरचे दिवस सरळ गेले. घाण्यावर गर्दी राहिली नाही, पण रंगाच्या कारखान्याची निळी पिंपं मात्र एकेक करून परत गेली. खानावळीत महानंदानं दोन्ही तेलं ठेवली आणि पाटीवर दोन्हींची नावं लिहिली. ती पुन्हा पंगतीत फिरू लागली.

महिन्याभरानं बार्शीच्या त्या बाईचा फोन आला. नंबर तिनं बाटलीवरून घेतला होता. फोन मल्लिनाथचा, पण घेतला महानंदानं, कारण तो खानावळीत डबे द्यायला आलेला होता आणि त्याचे हात तेलाचे होते.

"तुम्ही सांगितलं तसं केलं बघा," बाई म्हणाली. "वीस दिवस झाले. काही फरक नाही. धुकं होतं तेवढंच आहे."

"बरं," महानंदा म्हणाली. "निदान कळलं. आता जे परवडतं ते वापरा."

"नाही, नाही, त्यासाठी फोन नाही केला. दोन लिटर ठेवाल का आमच्यासाठी? मिस्टर म्हणतात, वांग्याला ह्याचीच चव येते. दुसऱ्या तेलातली भाजी केली की ताटात तशीच ठेवतात."

महानंदानं ठेवते म्हणून सांगितलं आणि मल्लिनाथला निरोप दिला. तो हात पुसत होता, तो थांबला.

"फरक नाही पडला, तरी मागितलं?"

"हो. वांग्यासाठी."

"नुसतं चवीसाठी?"

"नुसतं चवीसाठी."

मल्लिनाथनं फडकं खांद्यावर टाकलं. वडिलांच्या वेळेपासून लोक त्यांच्या घाण्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून यायचे, पेपरात आलं म्हणून यायचे, आणि तसेच कुणी सांगितलं म्हणून यायचे बंदही व्हायचे. तेल आवडलं म्हणून कुणी मागवल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

"मग उद्याच काढतो," तो म्हणाला. "त्यांना ताजं देऊ."